माय जाऊन राहिली

मी वरठीत तोंड उघडलं की मोहाडीतली माणसं दार उघडून बाहेर यायची. यात थोडी भर आहे असं आमच्या घरून म्हणतात. मी म्हणतो, कमीच सांगितलं. बावीस वर्षं ऑटोवर भोंगा बांधून मी या जिल्ह्यात हिंडलो. नाटकाची तारीख, चपलांचा सेल, पोलिओचा डोस, हरवलेला बैल, जे हाती आलं ते ओरडलो. नाकाडोंगरीत एकदा भर मे महिन्यात ब्लँकेटच्या सेलची अशी जाहिरात केली की दुपारी बारा वाजता गावाला हुडहुडी भरली आणि दोन म्हाताऱ्यांनी अंगणात शेकोटी पेटवली. हरवलेल्या बैलाचं वर्णन इतकं रसरशीत केलं की मालकाच्या दारात चार बैल येऊन उभे राहिले. त्यातला आपला कोणता, हे मग त्याचं त्यालाच ओळखेना.

अशा माणसाला गप्प बसायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे.

गेली दहाएक वर्षं मी लघुपटांच्या पटकथा लिहितो. नातेवाईक विचारतात, म्हणजे डायलॉग लिहितोस का? डायलॉग त्यात मिठाएवढे. पटकथा म्हणजे पिक्चर काढायच्या आधी तो कागदावर पाहून घेणं. कोण कुठं उभं आहे, काय करतं आहे, काय ऐकू येतं आहे, एवढंच. ढोबळ मानानं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. हा हिशोब मला ठाऊक नव्हता तेव्हा मी पाच मिनिटांच्या पिक्चरसाठी बेचाळीस पानं लिहिली होती. विषय होता, जेवणाआधी हात धुवा. त्यात दोन मृत्यू होते, एक पूर होता आणि शेवटी एक पुनर्जन्मही होता. कॅमेरावाल्यानं तीन पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, आधी भंडाऱ्याला जाऊन हे रामटेके काकांना दाखवा, मग आपण बोलू.

रामटेके काका हे भंडाऱ्यातल्या एका टॉकीजमध्ये तीस वर्षं मशीन ऑपरेटर होते. टॉकीजचं आता लग्नाचं सभागृह झालं आहे. ती बंद पडल्यावर काकांनी लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग शिकून घेतलं आणि घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर मांडला. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात काका, कॉम्प्युटर आणि एक घड्याळ, तेही बंद.

त्यांनी माझी बेचाळीस पानं न बोलता वाचली. एवढा वेळ कोणी माझ्यासमोर न बोलता बसल्याचं मला आठवत नाही.

"शेवटी हात धुतले का नाही?" त्यांनी विचारलं.

"धुतले ना, काका. चाळिसाव्या पानावर."

"मंग आधीची एकोणचाळीस फाडून टाक."

मी उरलेली तीन पानं पुढं केली. पहिलीच ओळ होती, 'सखूच्या मनात वादळ उठले.' काकांनी विचारलं, मन कोठी असते? मी छातीवर हात ठेवला. म्हणाले, "तं कॅमेरावाल्याले सुट्टी दे आन् एक्सरेवाल्याले बोलाव."

त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी त्यांचा भोंगेराव.

शिकवायची त्यांची रीत अशी. एक दोनशे पानी वही. पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे जे दिसतं ते, उजवीकडे जे ऐकू येतं ते. उजवी बाजू जवळपास कोरी ठेवायची. ही अक्कल त्यांना कोणत्या शाळेत मिळाली, तर टॉकीजच्या केबिनमध्ये. दोन मशीनच्या खडखडाटात तिथं काही ऐकू यायचं नाही आणि आतला स्पीकर बिघडला तो कधी दुरुस्तच झाला नाही. "मी सारे पिक्चर मुकेच पाह्यले गा," ते सांगायचे. "जो मुका समजे, तो चाले. जो नाही समजे, तो शुक्रवारी उतरे." केबिनच्या झरोक्यातून पडद्याच्या अलीकडे त्यांना प्रेक्षकांची डोकी दिसायची, मागून. डोकी हलायची, खाजवायची, शेजारच्या डोक्याशी बोलायची. एखाद्या जागी ती सगळी एकदम थांबायची. मग काका झरोक्याला नाक लावून बघायचे की पडद्यावर असं काय चाललं आहे. दिवसाला चार खेळ, एकेका पिक्चरचे शंभर-शंभर खेळ. एवढ्या वेळा तर माणूस स्वतःचं लग्नही आठवत नाही.

एकदा त्यांनी मला वरठीच्या स्टेशनावर बसायला पाठवलं. म्हणाले, जे दिसते ते लिहून आण, आपल्या पदरचं काही टाकू नोको. मी सकाळभर बसलो. पहिलं लिहिलं, 'एक दुःखी माणूस बाकावर बसला आहे.' काकांनी मला उलट पावली परत पाठवलं, विचारून ये म्हणाले. माणूस अजून तिथंच होता. त्याला दुःख वगैरे काही नव्हतं, दाढ काढून आला होता.

दुसऱ्या खेपेला मात्र मला घबाड सापडलं. स्टीलच्या कारखान्यातून ड्युटी संपवून आलेला एक कामगार सायकल घेऊन उभा होता. गाडी आली, बायको उतरली. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि सायकलचं कॅरियर पुसलं. ते स्वच्छच होतं. त्यानं पुन्हा पुसलं. मग ती बसली. मी वहीत लिहिलं, 'तो कॅरियर पुसतो. त्याच्या डोळ्यांत प्रेमाचा महासागर उसळतो.' काकांनी महासागर आडवी रेघ मारून बुजवला. मग 'पुसतो' खोडून वर लिहिलं, 'पुसून राहिला.'

मी म्हटलं, काका, पुस्तकी भाषेत पुसतो असंच लिहितात.

"'पुसतो' म्हटलं का काम झालं, माणूस मोकळा," काका म्हणाले. "'पुसून राहिला' म्हटलं का हात दिसते. आपली बोली पिक्चरसाठीच घडली हाय, आन् तू कायले दुसरी आणून राहिला?"

इकडच्या मंडळींना हे सांगायला नको. आमच्याकडे माणूस जातो आहे असं कोणी म्हणत नाही, तो जाऊन राहिला असं म्हणतात. म्हणजे आत्ता, डोळ्यासमोर, पाय उचलतो आहे. त्या दिवसापासून माझ्या पटकथेत सगळे येऊन राहिले, जाऊन राहिले, धान लावून राहिले. मला या शोधाचा इतका गर्व झाला की मी भाजीवाल्यालाही त्यावर अर्धा तास भाषण दिलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. तुमसरकडच्या एका राईस मिलच्या शेठजींना स्वतःवर पिक्चर हवा होता. पाच मिनिटांत जन्म, गरिबी, संघर्ष, मिल, देऊळ बांधलं ते, आणि वाटलं तर शेवटी हेलिकॉप्टर. मी तर हेलिकॉप्टर कोणत्या रंगाचं इथपर्यंत पोचलो होतो. काकांनी मला मिलवर दोन दिवस नुसतं बसवलं. शेठजी पोत्यांमधून फिरताना दर पाच पावलांवर चार दाणे उचलायचे, दाताखाली फोडायचे, कटकन आवाज ऐकायचे आणि पुढं जायचे. फोन सुरू असला तरी, पाहुणा आला तरी. दाणा वाळला की नाही हे आवाजावरून कळतं. आम्ही तेवढंच लिहिलं. तीन मिनिटं, उजव्या बाजूला फक्त 'कट्'. शेठजी भडकले, म्हणाले, यात मी कुठं आहे? त्यांच्या बायकोनं मात्र पिक्चर दोनदा लावायला सांगितला. म्हणाली, चाळीस वरसं झाली, हे झोपेतही दात वाजवतेत. कथेतलं माझं कर्तृत्व विचाराल तर हेलिकॉप्टर मी काढून टाकलं.

मग काकांच्या वहीतली मधली रेघ वाकडी यायला लागली.

आधी मला वाटलं, घाईत ओढली असेल. एकदा ती पानावरून उतरून टेबलावर गेली. काका हसले नाहीत. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, आणि त्यांनी तो वर्षभर कोणाला सांगितला नव्हता. त्याच दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा स्वतःची गोष्ट सांगितली.

त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. गाव उठायचं ठरलं तेव्हा त्यांची माय एकटीच घरी होती आणि ती निघायला तयार नव्हती. महिनेच्या महिने ट्रॅक्टर यायचे, शेजाऱ्यांचं सामान न्यायचे, माय उंबऱ्यावर बसून बघायची. काका दर आठवड्याला जाऊन समजवायचे आणि हात हलवत परत यायचे. ज्या दिवशी ती उठली त्या दिवशी टॉकीजला नवा, मोठा पिक्चर लागला होता. मालकानं सुट्टी दिली असती. काकांनी मागितलीच नाही. त्यांना वाटलं, माय अजून आठवडाभर तरी हटून बसते. नंतर लोकांनी सांगितलं, ती सामानाच्या ट्रॅक्टरवर बसली नाही, त्याच्या मागं चालत गेली आणि तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. नव्या वस्तीतल्या घरी ती वर्षभरसुद्धा जगली नाही. त्या दिवसाविषयी ती काकांशी कधी बोलली नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

"तीस वरसं दुसऱ्याईच्या माया पाह्यल्या पडद्यावर," काका म्हणाले. "आपली नाही पाह्यली. डोळे हायेत तोवर एकदा पाहू दे मले. तू लिही."

मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. एकदा भोंग्यावर जिवंत माणसाच्या श्रद्धांजलीची घोषणा केली होती आणि तो माणूस काठी घेऊन ऑटोमागं धावला होता, तेव्हासुद्धा नाही.

सात वेळा लिहिलं. मी वाचायचो, काका ऐकायचे आणि बोटानं हवेत रेघ मारायचे, म्हणजे काट. पिक्चर सहा मिनिटांचा. माय घर झाडते, भांडी ट्रॅक्टरमध्ये चढवते, रिकाम्या घराचं दार ओढत नाही. शेवटच्या दृश्याला मी लिहिलं होतं, 'ट्रॅक्टर निघून राहिला. त्याच्या मागं माय पाठमोरी, एकटी, चालत जाऊन राहिली.' काका म्हणाले, ट्रॅक्टरच्या मागंच जाईन, पुढं कायले जाईन? काट. पाठमोरी म्हणजे का आता मागं मागं चालन? काट. एकटी तं दिसतेच. "आन् 'चालत' काहून? माय का उडून राहिली?" काटता काटता राहिलं ते एवढं:

ट्रॅक्टर जाऊन राहिला. माय जाऊन राहिली.

काका म्हणाले, याच्यापुढं एक शब्द लावला तं हात तोडीन. आम्ही दोघंही त्या ओळीवर जाम खूश होतो.

पिक्चर करायला पुण्याहून अनघा नावाची दिग्दर्शिका आली. माझं आधीचं एक काम तिनं कुठंतरी पाहिलं होतं. तिनं पटकथा डोळ्यांत पाणी आणून वाचली. पाण्याच्या काठावर अजून उभं असलेलं एक रिकामं घर शोधलं. मायच्या कामासाठी पुनर्वसनाच्या वस्तीतल्या भिवराबाई मिळाल्या. त्याही अशाच उठवलेल्या गावातल्या. शूटिंग दोन दिवसांचं ठरलं आणि नेमकी तीच नागपूरला काकांच्या ऑपरेशनची तारीख आली. काकांसोबत जायला दुसरं कोणी नव्हतं. मी शूटिंग सोडलं आणि दवाखान्याच्या बाकावर बसलो. ऑपरेशन चांगलं झालं. उशीर मात्र आधीच झाला होता. पट्टी काढल्यावर काकांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता.

महिन्याभरानं अनघाचा फोन आला, पिक्चर तयार आहे, आधी तुम्हाला पाठवते. काकांनी नको म्हटलं. म्हणाले, दोघं सोबतच पाहू, लोकांत. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. "तू पाह्य," ते म्हणाले. "आन् मले सांग. जे दिसन तेच सांगशीन ना?"

मी हो म्हणालो. भोंगेवाल्याच्या शब्दावर कोणी कधी एवढा भार टाकला नव्हता.

पुनर्वसनातल्या समाजमंदिरात दुपारी तीन वाजता खेळ ठेवला. खिडक्यांना चादरी बांधल्या, भिंतीला पांढरा कपडा लावला. अख्खी वस्ती आली होती. मी काकांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होतो: माय झाडून राहिली. माय पाण्याचा गुंड उचलून राहिली. काका मान हलवत होते. मधे मला जाणवलं की समोरची सगळी डोकी थांबली आहेत. तेही मी सांगितलं. काका थोडं हसले.

मग शेवटचं दृश्य आलं. ट्रॅक्टर हलला.

"ट्रॅक्टर जाऊन राहिला," मी म्हणालो. काकांनी माझं मनगट धरलं.

आता माय त्याच्या मागं चालायला लागणार. पण पडद्यावर माय वळली. उंबरा ओलांडून आत गेली. रिकाम्या घरात भिंतीला टेकून खाली बसली. ट्रॅक्टरचा आवाज लांब लांब गेला. ती बसलेलीच.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अनघा पुण्याची. तिच्या मराठीत 'माय जाऊन राहिली' म्हणजे घरात गेली आणि तिथंच राहिली. माझ्या गर्वाचं आणि काकांच्या काटछाटीचं हे फळ. 'मागं' ठेवलं असतं, 'चालत' ठेवलं असतं, तर माय बरोबर वाटेला लागली असती.

"माय?" काकांनी विचारलं.

उत्तर जिभेवर तयार होतं. जाऊन राहिली, काका. खोटंही झालं नसतं, कागदावर तेच तर होतं. काकांना त्यांच्या मनातली पाठमोरी माय दिसली असती आणि मी सुटलो असतो. बावीस वर्षं याहून मोठ्या थापा मी भर चौकात मारल्या आहेत. पण ते मनगट इतकं घट्ट धरलेलं होतं.

"नाही गेली, काका," मी म्हणालो. "ट्रॅक्टर गेला. माय घरात जाऊन बसली."

हात सुटला नाही.

"कोठी?"

"चुलीजवळ. भिंतीले टेकून."

"तोंड?"

"दाराकडं."

"रडून राहिली का?"

"नाही. पाय लांब करून बसून राहिली."

पडदा काळा झाला, नावं आली, लोक टाळ्या वाजवायला लागले. त्या गलक्यात काका म्हणाले, "बसू दे."

चादरी सोडल्यावर अनघा आनंदानं आली. मी तिला बाजूला घेऊन ओळीचा अर्थ सांगितला. तिचा चेहरा उतरला. पिशवीतून पटकथा काढून ती पुन्हा पुन्हा ती ओळ वाचू लागली. म्हणाली, सर, माझी चूक आहे, एका दिवसात मी हा सीन परत करून देते, भिवराबाईंना आत्ताच विचारते.

भिवराबाई मागंच उभ्या होत्या. "मले समजलं होतं वं बाई, जायाचं लिवलं हाय ते," त्या म्हणाल्या. "पण तू म्हणाली बस. त्या दिशी आमाले कोणी बसू नाही देलं. मंग मी कायले बोलू?"

अनघानं काकांकडे पाहिलं. काकांनी त्यांची ती हवेतली रेघ मारली. पण या वेळी ती परत शूटिंग करण्यावर होती.

संध्याकाळच्या आत भंडाऱ्याला पोचावं म्हणून आम्ही मोटरसायकलवर निघालो. काका मागं बसले होते. अड्याळ येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही, आणि मी बोललो नाही म्हणजे समजून घ्या. अड्याळच्या पुढं त्यांनी विचारलं, "आता काय करून राहिली?"

मला वाटलं, भिवराबाईंचं विचारतात. म्हटलं, गेल्या असतील घरी.

"भिवरा नाही गा. माय."

मी गाडीचा वेग कमी केला. दोन्ही बाजूला लाखोरीची शेतं होती. पिक्चर संपून तास झाला होता आणि त्यापुढचं कोणत्याही कागदावर नव्हतं.

"उठून राहिली," मी म्हणालो. "चूल पेटवून राहिली."

"लाकडं ओली असतीन."

"ओलीच हायेत. फुकून राहिली. धूर गेला डोळ्यात, पुसून राहिली. पेटली आता. भात टाकला."

"आन्?"

"लाखोरीची डाळ. भाताले उकळी आली. ताटं काढून राहिली."

"किती?"

"दोन."

एक ट्रक गेला. मग काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढं वाकून, केबिनमधून ओरडून सांगावं तसं सांगितलं.

"तिले म्हण, माह्यं ताट झाकून ठेव. खेळ सुटला का येतो."

मी सांगितलं.